डहाळीत पाणी किती? वणव्याचा धोका मोजण्याबद्दल

डोंगरवारा | २२ फेब्रुवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं.

मी लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी राहते. ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी ईटन कॅन्यनमध्ये आग लागली आणि रात्री आम्हाला मुलांना घेऊन घर सोडावं लागलं. आमचं घर वाचलं. मागच्या गल्लीतली घरं गेली. परत आल्यावर एकच प्रश्न डोक्यात होता: ऐन जानेवारीत, जो इथला पावसाळा, डोंगर असा कसा पेटला?

वाऱ्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. सँटा ॲनाचे वारे, म्हणजे वाळवंटाकडून डोंगर उतरून येणारे कोरडे वारे, त्या दिवशी वादळासारखे होते. पण तसे वारे दर हिवाळ्यात येतात आणि दर वेळी डोंगर पेटत नाही. दुसरं अर्धं उत्तर झुडपांच्या आत होतं. आधीचे दोन हिवाळे भरपूर पावसाचे गेले, त्यामुळे झाडोरा माजला होता. मग ६ मे २०२४ पासून आग लागेपर्यंतच्या आठ महिन्यांत लॉस एंजेलिस शहरात मिळून पाव इंचसुद्धा पाऊस झाला नाही.

इथल्या डोंगरांवर चमीज नावाचं झुडूप सगळीकडे आहे. शतावरीसारखे बारीक सुयांचे झुपके, आत तेलकट राळ. लॉस एंजेलिस काउंटीचं अग्निशमन खातं १९८१ पासून ठरलेल्या जागी जाऊन, साधारण दर दोन आठवड्यांनी, या झुडपाच्या कोवळ्या डहाळ्या कापतं, वजन करतं, भट्टीत वाळवतं आणि पुन्हा वजन करतं. दोन वजनांतला फरक म्हणजे पाणी. त्या पाण्याला कोरड्या वजनाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. एवढंच गणित.

मी वर्षभर आमच्या मागच्या उतारावरच्या चमीजवर हेच करून पाहिलं. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा आणि घरातला ओव्हन. मे महिन्यात डहाळ्या ओल्या ९६ ग्रॅम, वाळल्यावर ४६, म्हणजे १०९ टक्के. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याच झुडपांच्या डहाळ्या ८० ग्रॅम, वाळल्यावर ५०, म्हणजे बरोबर ६०. इथे ६० ही धोक्याची रेघ धरतात. त्याखाली जिवंत झुडूपही वाळलेल्या सरपणासारखं पेटतं. लॉस एंजेलिस काउंटीतल्या जुन्या आगींची छाननी झाली तेव्हा (२००९ साली ते संशोधन छापून आलं) मोठ्या आगी चमीजची ओल सुमारे ७९ टक्क्यांच्या खाली गेल्यावरच लागल्याचं दिसलं. म्हणजे साठाच्या बऱ्याच आधी सावध व्हायला हवं.

मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा झुडूप लांबून हिरवंच दिसत होतं, याची मला आजही धास्ती वाटते.

आपल्याकडे, सह्याद्रीत किंवा विदर्भात, अशी ओल कोणी मोजतं का? लोक काय बघून ओळखतात?

---

ओलीमाती | २२ फेब्रुवारी, रात्री १०.०२

ताई, वाचून अंगावर काटा आला. सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं.

एक बाळबोध शंका. १०९ टक्के पाणी कसं असेल? शंभराच्या वर टक्के कसे जातात?

---

डोंगरवारा | २२ फेब्रुवारी, रात्री १०.२०

शंका अगदी रास्त आहे, मीही इथेच अडखळले होते. भागायचं ते एकूण वजनाने नाही, कोरड्या वजनाने. ४६ ग्रॅम काडी-पानात ५० ग्रॅम पाणी असेल तर पाणी काडीपेक्षा जास्त झालं, म्हणून शंभराच्या वर. रसरशीत पानांत हा आकडा २०० च्याही वर जातो.

असं मोजतात कारण आगीच्या दृष्टीने तोच हिशोब कामाचा आहे. जळणारी वस्तू काडी आहे आणि पाणी तिच्यावरचं ओझं. पाणी आधी उकळून वाफ होऊन जायला हवं, त्यात ज्वाळेची उष्णता खर्च होते. मगच लाकूड तापून त्यातून पेटणारे वायू निघतात. ओझं जास्त असेल तर ज्वाळा पुढच्या काडीपर्यंत पोचायच्या आधीच दमते.

---

कुसळी | २३ फेब्रुवारी, सकाळी ७.४५

उत्तम धागा. मी जुन्नर भागातला. दर उन्हाळ्यात आम्ही दहाबारा जण वणवा विझवायला डोंगरावर जातो. हत्यार म्हणजे निरगुडीचे ओले फाटे, आणि दोन वर्षांपासून एक ब्लोअर.

ताई, तुमचं झुडूप जिवंत असतं. आमच्या उघड्या डोंगरांवर मुख्य जळण म्हणजे गवत: कुसळी, पवन्या. पाऊस गेला की दिवाळीपर्यंत ते हिरवट असतं, डिसेंबरात पिवळं आणि जानेवारीत मेलेलं. जिवंत ओल मोजायची कशाची? तरी रोजचा अनुभव सांगतो. सकाळी सातला, दहिवर पडलेलं असताना, त्याच गवताला काडी लावली तर नुसता धूर होतो. दुपारी दोनला त्याच जागी बिडीचं थोटूक पुरतं. गवत तेच, वेळ वेगळी. हा फरक तुमच्या हिशोबात कुठे बसतो?

---

डोंगरवारा | २३ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

कुसळीदादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. हिशोब दोन आहेत, जिवंत ओलीचा आणि मेलेल्या ओलीचा.

जिवंत झाड मुळांनी पाणी ओढतं, त्यामुळे त्याची ओल आठवड्या-महिन्यांनी बदलते. मेलेलं गवत, पाचोळा, काटक्या यांच्या हातात काही नसतं. हवा दमट झाली की ते ओल घेतात, कोरडी झाली की सोडतात. हवा तशीच राहिली तर शेवटी एका ठरावीक आकड्यावर येऊन थांबतात. लाकडाचे आकडे ढोबळमानाने असे: हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात १६ टक्के ओल, ५० असेल तर ९, आणि २० असेल तर साडेचारच्या आसपास. आखूड गवतात आग पुढे सरकायची थांबते ती साधारण १२ टक्क्यांच्या वर, उंच दाट गवतात पार २५ च्या वर. आता तुमची सकाळ आणि दुपार या आकड्यांवर ठेवून बघा.

किती वेळात बदलते ते जाडीवर ठरतं. ६ मिलिमीटरपेक्षा बारीक गवत-पाचोळ्याला ‘एक तासाचं’ इंधन म्हणतात, बोटभर काटकीला ‘दहा तासांचं’, मनगटाएवढ्या फांदीला ‘शंभर तासांचं’ आणि ओंडक्याला ‘हजार तासांचं’. त्या वेळात ते हवेशी असलेला फरक सुमारे दोन-तृतीयांश भरून काढतं. म्हणून तुमचं गवत दुपारपर्यंत बारूद होतं, पण पडलेला ओंडका एका कोरड्या दिवसाने वाळत नाही आणि एका सरीने भिजतही नाही.

दहा तासांच्या इंधनासाठी इथे एक साधी युक्ती आहे, मला फार आवडते. पाइनच्या गोल दांड्यांचा एक छोटा जुडगा जमिनीपासून वीतभर उंचीवर उघड्यावर ठेवतात. पूर्ण कोरडा असताना त्याचं वजन नेमकं १०० ग्रॅम असतं. काट्यावर १०८ आलं की ओल ८ टक्के. भागाकारही नको.

---

मोहफूल | २३ फेब्रुवारी, रात्री ८.५०

मी वनखात्यात वनरक्षक होतो, आता निवृत्त. बहुतेक नोकरी सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, सागाच्या जंगलात. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

काटा आमच्याकडे नव्हता. हात होता. सागाचं गळलेलं पान उचलायचं आणि मुठीत दाबायचं. सकाळी ते चामड्यासारखं दुमडतं, मोडत नाही. अकरा-बाराच्या सुमारास कडा मोडतात, मधला भाग वाकतो. दोन वाजता पापडासारखा चुरा होतो. चुरा झाला की त्या दिवशी बीट, म्हणजे आपल्या पहाऱ्याचं रान, सोडून कुठे जायचं नाही, हा माझा नियम. सागाचं पान मोठं, वाळलं की वळतं, एकावर एक पडताना खाली हवा राहते. म्हणून ते गवतासारखं भडकतं. बांबूचा पाला चपटा बसतो, तो सावकाश जळतो, पण खाली दोन दोन दिवस धुमसतो. विझला म्हणून घरी यावं आणि पहाटे पुन्हा धूर दिसावा, हे बांबूच्या रानात कितीदा झालं.

ओलीचं खरं काम जाळरेषेला पडतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उन्हाळ्याआधी रानात ठरलेल्या पट्ट्यांवरचं गवत कापून, वाळवून आपणच जाळायचं, म्हणजे पुढे वणवा आला तर त्या मोकळ्या पट्ट्यावर अडतो. कापलेलं गवत पेटण्याइतकं वाळलेलं हवं आणि दोन्ही बाजूंचं उभं गवत पेटणार नाही इतकं ओलं हवं. असे दिवस डिसेंबर-जानेवारीत मोजकेच मिळतात, आणि दिवसातले तासही मोजकेच. दहिवर उडायच्या सुमारास सुरुवात, ऊन चढायच्या आत बंद. नाहीतर संध्याकाळी, हवा थंड होताना.

एका वर्षी मजुरीचे पैसे उशिरा आले. काम फेब्रुवारीच्या शेवटावर गेलं. वरून निरोप, आठवड्यात रेषा पूर्ण करा. मी म्हणालो, साहेब, बाजूचं गवत बघा, हातात मोडतंय. ऐकलं नाही. साडेअकराला रेषा पेटवली, पाऊणला वारा फिरला आणि आमचीच आग आमच्या रानात शिरली. रात्रभर झोडपत होतो. एका मजुराचे दोन्ही हात भाजले. त्या दिवशी माझ्याकडे एक आकडा असता, कागदावर लिहिलेला, तर ‘हातात मोडतंय’ यापेक्षा त्याला वजन आलं असतं असं मला आजही वाटतं. म्हणून हा धागा मला महत्त्वाचा वाटतो.

---

ओलीमाती | २४ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

काका, हे सगळं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

आता एवढे उपग्रह आहेत, वरून ही ओल दिसत नाही का? आमच्या गावात एकाच्या मोबाइलवर वणव्याचे संदेश येतात.

---

अक्षवृत्त | २४ फेब्रुवारी, दुपारी १.४०

उपग्रहाची चित्रं वाचणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावतो.

मोबाइलवर येतात ते संदेश देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे. २००४ पासून ही संस्था मोडिस नावाच्या संवेदकाच्या आधारे आगीची ठिकाणं कळवते. नंतर व्हीआयआयआरएस हा नवा संवेदक आला, तो ३७५ मीटरच्या चौकटीत बघतो, त्यामुळे लहान आगही सापडते. पण हे आग लागल्यावरचं काम आहे. उपग्रहाला तापलेली जागा दिसली, त्याने कळवलं. आज रान किती पेटाऊ आहे हा प्रश्न वेगळा. लोक दोन्ही एकच समजतात.

ओल बघायची तर प्रकाशाचा रंग निवडून बघावा लागतो. हिरवेपणा सांगणारा जो निर्देशांक सगळे वापरतात, तो हरितद्रव्य बघतो. ताईंचं चमीज ऑक्टोबरातही हिरवं होतं ना, तसंच त्यालाही हिरवंच दिसतं. पाणी प्रकाश शोषतं ते आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या लघुलहरी अवरक्त पट्ट्यांत, १.२ आणि १.६ मायक्रॉनच्या आसपास. पानात पाणी असेल तर तिथे ते काळपट दिसतं, वाळलं की उजळतं. १९९६ मध्ये याच तत्त्वावर पानांतल्या पाण्याचा निर्देशांक मांडला गेला. सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह १.६ चा पट्टा २० मीटरच्या चौकटीत देतो, साधारण पाच दिवसांनी एकदा, फुकट.

मग अडतं कुठे? एक, उपग्रहाला वरचं छत दिसतं. करवंद-जांभळीचं सदाहरित छत ओलं दिसतं आणि खालचा पाचोळा काकांच्या पापडासारखा असतो. दोन, आपलं पानगळीचं रान मार्चमध्ये निष्पर्ण होतं. चित्रात ते एकदम कोरडं दिसतं, पण झाड कोरडं झालेलं नसतं, पानं फक्त वरून खाली आलेली असतात. तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: निर्देशांक ०.१ आला म्हणजे ओल किती टक्के, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी त्याच जागेवर, त्याच आठवड्यात कोणीतरी डहाळी कापून वजन केलेलं हवं. कॅलिफोर्नियात तशा चाळीसेक वर्षांच्या नोंदी आहेत, म्हणून तिथल्या चित्रांना अर्थ लावता येतो. माझ्याकडे सह्याद्रीची चित्रं ढिगाने आहेत. वजनं नाहीत.

---

दक्षिणतारा | २५ फेब्रुवारी, पहाटे ५.३०

मेलबर्नहून. आमच्याकडे कुसळीदादांच्या गवताचा प्रश्न फार पूर्वीपासून सोडवायचा प्रयत्न चालू आहे.

व्हिक्टोरिया राज्यात ग्रामीण अग्निशमन दलाचे स्वयंसेवक उन्हाळ्याच्या दिवसांत ठरलेल्या कुरणांवर जाऊन ‘गवत किती टक्के पिकलं’ ते नोंदवतात. पूर्ण हिरवं म्हणजे शून्य, पूर्ण वाळलेलं म्हणजे शंभर. मी दोन उन्हाळे हे काम केलं. गाडीतून बघून चालत नाही, कुरणात उतरावं लागतं. लांबून शेत सोनेरी दिसतं, पण वाकून गवत बाजूला केलं की बुडाशी हिरवे धुमारे असतात. मूठभर उपटायचं, मेलेल्या काड्या वेगळ्या, जिवंत वेगळ्या, आणि अंदाज करायचा. मग या नोंदी उपग्रहाच्या चित्राशी जोडून राज्याचा नकाशा तयार होतो. अक्षवृत्त म्हणतात तेच, माणूस आणि उपग्रह दोघेही लागतात.

इथे ७ फेब्रुवारी २००९ चा दिवस कोणी विसरत नाही. मेलबर्नमध्ये ४६.४ अंश तापमान होतं, त्या आगींत १७३ माणसं गेली. त्यानंतर धोक्याच्या पायऱ्यांत सगळ्यात वर ‘कॅटास्ट्रॉफिक’ ही पायरी आली, आणि सप्टेंबर २०२२ पासून देशभर चार पायऱ्यांची एकच पद्धत सुरू झाली. रस्त्याकडेला पाटी असते. ती बघून माझी शेजारीण घर सोडायचं की नाही ते ठरवते.

---

कुसळी | २५ फेब्रुवारी, सकाळी ९.००

सगळं पटतंय, पण मनातलं स्पष्ट बोलतो. आमच्याकडचे वणवे माणूस लावतो. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं हा समज. मोहफुलं वेचायला झाडाखालचं जाळणं, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून जाळणं, कोकणात राबाची आग हाताबाहेर जाणं, किंवा नुसती बिडी. काडी माणसाच्या हातात असेल तर ओल मोजून काय होणार? मला वाटतं आधी गावोगाव बोलायला हवं.

---

मोहफूल | २५ फेब्रुवारी, रात्री ९.१५

कुसळीभाऊ, गावात बोलायलाच हवं, त्यात दुमत नाही. मी जन्मभर तेच केलं.

पण हे बघा. मोहाखालची आग दर वर्षी लागते. आमच्या भागात शंभर झाडांखाली लागत असेल. बहुतेक आगी दहा पावलांवर आपोआप विझतात. चार-पाच रानात शिरतात. काडी तीच, माणूसही तोच. फरक त्या दिवशीच्या पानाचा. ते चार-पाच दिवस आधी कळले तर हंगामी मजूर कुठे बसवायचे ते ठरवता येतं. मजूर बारा आणि रान अफाट, रोज सगळीकडे पहारा होत नाही. आणि गावात जाऊन ‘कधीच जाळू नका’ म्हटलं की ऐकत नाहीत. ‘हे आठ दिवस नको, त्याऐवजी झाडू मारून पाचोळा बाजूला करा, आम्ही मदतीला येतो’ म्हटलं की ऐकतात. हा माझा अनुभव आहे.

---

कुसळी | २५ फेब्रुवारी, रात्री ९.४०

काका, मान्य. ‘हे आठ दिवस नको’ हे मी आमच्या सरपंचांना सांगू शकतो.

मग सुरुवात करू. काय लागेल? आमच्याकडे भट्टी नाही. उन्हात वाळवलं तर चालेल?

---

डोंगरवारा | २६ फेब्रुवारी, सकाळी १०.०५

उन्हात नाही चालणार. उन्हातलं गवत हवेशी बरोबरी करून थांबतं, पाचसहा टक्के ओल त्यात राहतेच, आणि दुपारी तीच तर मोजायची आहे. केकसाठी वापरतात तो ओटीजी चालेल. १०० ते १०५ अंश, २४ तास. एका दमात जमत नसेल तर दोन दिवसांत करा, पण दर दोन तासांनी वजन घ्या आणि ते उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. गवत पसरून ठेवा, कोणीतरी जागेवर असूच द्या. मायक्रोवेव्ह नको, काडी आतून करपते आणि करपलेल्या काडीचं वजन खोटं येतं.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगते. नोव्हेंबरात एकदा कामावर जायच्या घाईत सकाळी सातलाच डहाळ्या कापल्या. ओल आली ८४ टक्के. मला हायसं वाटलं, नवऱ्यालाही सांगितलं की झुडपं सावरली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच झुडपांवरून घेतल्या तर ६६. आदल्या दिवशी मी पानांवरचं दव मोजलं होतं. जिवंत डहाळी घ्यायची ती दुपारी, पृष्ठभाग कोरडा असताना. फुलं, बिया, मेलेल्या काड्या काढून टाकायच्या. कापल्या कापल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा सावलीत. दर वेळी त्याच झुडपांवरून.

आणि आकडा वाचतानाही जपून. ओल हा भागाकार आहे. पाणी कमी न होताही आकडा उतरू शकतो, कारण खालची संख्या वाढते. उत्तरेकडच्या पाइनच्या जुन्या सुयांची ओल वसंतात दर वर्षी खाली येते. पूर्वी समजायचे की गोठलेल्या जमिनीतून झाडाला पाणी मिळत नाही म्हणून. नंतर कळलं की त्या दिवसांत सुयांत पिठूळ साठा भरतो आणि कोरडं वजनच वाढतं. जळायला मात्र ती सुई जास्तच तयार असते. म्हणून फक्त टक्के लिहू नका, दोन्ही वजनं लिहून ठेवा.

---

मोहफूल | २६ फेब्रुवारी, रात्री ८.३०

जिवंतात घाणेरी घ्या, आमच्याकडे तिला रायमुनिया म्हणतात. सगळीकडे आहे, तोडली तर कोणी रागवत नाही, आणि अर्धी हिरवी असतानाही पेटते. तिच्यावरून आग झाडाच्या फांद्यांना लागते. मी माझ्या गावाजवळ दर रविवारी घेईन. नातीकडे ओटीजी आहे.

---

अक्षवृत्त | २६ फेब्रुवारी, रात्री ९.००

दोघेही जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ लिहून ठेवा. त्याच आठवड्याची चित्रं मी काढून ठेवतो.

---

कुसळी | १ मार्च, रात्री ९.२५

पहिली मोजणी. डोंगराची पश्चिम बाजू, उभं कुसळी गवत, बुडापासून कापलेलं. ओटीजी वहिनीचा.

सकाळी ८.००, दहिवर होतं: ओलं ११८ ग्रॅम, कोरडं ९६. ओल २३ टक्के.
दुपारी २.००, आकाश निरभ्र, वारा पश्चिमेचा: ओलं १०३ ग्रॅम, कोरडं ९७. ओल ६ टक्के.

दोन्ही वेळा मी त्याच दगडापाशी उभा होतो. दुपारचा डबा उघडला तेव्हा काड्या डब्यात खुळखुळत होत्या.

सरपंचांना वजनं लिहिलेला कागद दाखवला. त्यांनी खिशात ठेवला आणि म्हणाले, पुढच्या रविवारी मीही येतो.